संघर्षाच्या भागात मुलींना मैदानावर आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सशस्त्र संघर्ष नुकताच थांबला आहे, पण कधीही पुन्हा पेटू शकतो, अशा भागात एक छोटी संस्था काम करते. चौदा ते वीस वयाच्या मुलींसाठी फुटबॉल सुरू करायचा विचार आहे. हाताशी सहा महिन्यांचा निधी आहे. खेळामुळे मुली खरंच सक्षम होतात का, आणि होत असतील तर सुरुवात कुठून करायची?

होतात. पण नुसता चेंडू दिला म्हणून होत नाहीत. मुली मैदानावर धावल्या, फोटो निघाले, अहवाल गेला, काम फत्ते, असे कार्यक्रम मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यानंतर वर्षभरात त्या मुलींच्या घरी काहीच बदललेलं नसतं. बदल दिसतो तिथे साधारण चार गोष्टी घडलेल्या असतात. आठवड्यातले काही तास तिचे म्हणून घरात मान्य होतात. त्या तासांत काय करायचं, यातलं काहीतरी तिच्या हातात असतं. अडचण आली तर जिच्याकडे जाता येईल अशी एक मोठी बाई तिला मिळालेली असते. आणि या सगळ्यासाठी किती धोका पत्करायचा, हे तिने स्वतः ठरवलेलं असतं. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. इतरत्र मुलगी खेळली तर फार तर लोक नावं ठेवतात. तुमच्याकडे तिला, तिच्या भावाला, कोचला धमकी येऊ शकते. तेव्हा ती धाडसी आहे असं आपण परस्पर ठरवून तिला पुढे ढकलायचं नाही.

आता सुरुवात. बहुतेक कार्यक्रम मैदानावर पोचायच्या आधी, वाटेवरच बुडतात. म्हणून पहिल्या बैठकीत चेंडू काढू नका. मोठे कागद पसरा, खडू-पेन द्या आणि प्रत्येकीला घरापासून मैदानापर्यंतची वाट काढायला सांगा. कुठे थांबावंसं वाटत नाही, कुठे पावलं भराभर पडतात, कुठे ओढणी सावरावी लागते, तिथे खूण करायची. आपल्याला वाटतं, लाल खुणा लष्करी चौकीपाशी येतील. काही येतातही. पण बऱ्याचदा खुणांचा गठ्ठा भलत्याच ठिकाणी जमतो: पडक्या इमारतीला वळसा घालणारी बोळ, टोळकं बसतं तो कट्टा, किंवा एखाद्या नातेवाइकाच्या घरासमोरचा तुकडा. हा कागद हातात आला की वेळ, फाटक, सोबत हे सगळं त्यावरून ठरतं. शाळेला जोडून सराव ठेवला तर घरातून बाहेर पडण्याची एक खेप वाचते, आणि परवानगी मागण्याचा एक प्रसंगही. अंधार पडायच्या बराच आधी शेवटची मुलगी घरी पोचली पाहिजे. एकटीने कोणी यायचं-जायचं नाही. वाटेत गोळीबार सुरू झाला तर कोणत्या दोन-तीन घरांत शिरायचं, हे त्या घरांना विचारून आधीच ठरवून ठेवा. सराव रद्द करण्याचा अधिकार एकाच स्थानिक बाईकडे असू द्या. तिने कारण सांगायची गरज नाही आणि निधी देणाऱ्यांना विचारायचीही नाही.

मैदानाबद्दल दोन गोष्टी. लढाई झालेल्या जमिनीवर सुरुंग किंवा न फुटलेला दारूगोळा नाही, याची खात्री त्या कामाच्या अधिकृत यंत्रणेकडून करून घ्या. ‘इथे गुरं चरतात, काही होत नाही’ ही खात्री नव्हे. दुसरं म्हणजे मैदान कोण देतंय ते पाहा. लष्कर, पोलीस किंवा एखादा सशस्त्र गट आनंदाने जागा देतो, बूट देतो, सामनेही भरवतो. फुकट मिळतंय म्हणून घेतलं, की त्या मुली गावाच्या नजरेत एका बाजूच्या होतात आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागते. शाळेचं आवार, भिंतीआडची जागा, एखादं सभागृह लहान असलं तरी चालेल.

त्यावरूनच मी विचारेन: फुटबॉलच का? तो स्वस्त आहे, सगळ्यांना माहीत आहे, मान्य. पण त्याला मोकळं, चारी बाजूंनी दिसणारं मैदान लागतं आणि बहुतेक ठिकाणी तो मुलांचा म्हणून आधीच वाटून गेलेला असतो. काबूलमध्ये २००७ साली सुरू झालेल्या स्केटिस्तान या संस्थेने स्केटबोर्डिंग निवडलं. त्यामागचा एक मोठा फायदा असा की तो खेळ तिथे नवा होता. सायकल मुलींनी चालवू नये, पतंग मुलींनी उडवू नये, हे ठरलेलं होतं. चाकं लावलेल्या फळीबद्दल कोणी काही ठरवलेलंच नव्हतं. २००९ मध्ये त्यांनी बंदिस्त जागा उभारली. मुलींसाठी वेगळे दिवस, शिकवायला बायका, ने-आण आणि खेळाला जोडून वर्ग, अशी सगळी घडी बसवली. माझ्या मते मुली टिकल्या त्या या घडीमुळे. तरीही आवाराच्या भिंती सगळीकडे पुरत नाहीत. सप्टेंबर २०१२ मध्ये काबूलमधल्या नाटोच्या मुख्यालयाजवळ झालेल्या आत्मघाती स्फोटात या संस्थेतली मुलंही गेली. ती त्या वेळी रस्त्यावर किरकोळ वस्तू विकत होती.

जॉर्डनमधल्या अझराक छावणीत सीरियन निर्वासित मुलं-मुली तायक्वांदो शिकतात. इराकच्या कुर्दिस्तानात यझिदी या छळ सोसलेल्या अल्पसंख्याक समाजाच्या मुलींसाठी छावणीतच बॉक्सिंगचे वर्ग झाले. या खेळांना जागा थोडी लागते आणि छताखाली करता येतात, ही त्यांची जमेची बाजू. मात्र ज्यांच्या शरीरावर हिंसा झाली आहे, अशा मुलींना अंगाशी भिडणारा खेळ देताना घाई नको. एखादीला पंचिंग बॅगवर ठोसे मारताना मोकळं वाटतं, तिच्या शेजारची समोर कोणी उभं राहिलं की गोठते. दोघींना एकाच वर्गात वेगवेगळा पर्याय मिळाला पाहिजे आणि तो का निवडला, याचं स्पष्टीकरण द्यावं लागू नये. तुमच्याकडे दोन-तीन खेळ शक्य असतील तर मुलींना प्रत्येकी आठवडाभर खेळून पाहू द्या आणि मग मत घ्या. त्यांनी व्हॉलीबॉल निवडला तर व्हॉलीबॉल. प्रस्तावात फुटबॉल लिहिलंय म्हणून फुटबॉल, हे कारण होत नाही.

कपड्यांवरून वाद घालत बसू नका. डोकं झाकायचं की नाही, पँट किती सैल, हे मुलींनी आणि घरच्यांनी ठरवावं. तुम्ही फक्त एवढं बघा की अंगावर जे आहे त्यात नीट धावता येतं आणि स्पर्धेचे नियम आडवे येत नाहीत. जून २०११ मध्ये इराणच्या महिला फुटबॉल संघाला अम्मानमध्ये जॉर्डनविरुद्धचा ऑलिंपिक पात्रता सामना डोकं झाकल्याच्या कारणावरून खेळू दिला गेला नाही. फिफाने ही बंदी २०१४ मध्ये पूर्ण उठवली, बास्केटबॉलच्या जागतिक महासंघाने २०१७ मध्ये. म्हणजे मुलींना मैदानाबाहेर ठेवण्याचं काम नेहमी घरचेच करतात असं नाही.

स्वच्छतागृह, पाणी, पॅड आणि कपडे बदलायला कडी लागणारी खोली यांचा खर्च प्रस्तावात पहिल्या पानावर घ्या. जर्सी नंतर.

घरच्यांकडे जाताना ‘सक्षमीकरण’ हा शब्द दारात उच्चारू नये, असं माझं मत आहे. खोटंही बोलू नये. कोण शिकवणार, किती वाजता परत येणार, कोण बघणार, फोटो निघणार का, एवढ्या चार प्रश्नांची सरळ उत्तरं दिलीत तर निम्मी दारं उघडतात. वडिलांची परवानगी मिळाली म्हणून काम झालं असंही समजू नका. संघर्षाच्या काळात पुरुष बाहेर, बेपत्ता किंवा तुरुंगात असतात आणि घरात खरा शब्द आजीचा किंवा मोठ्या भावाचा चालतो. आईला सरावाला येऊन बसू द्या. काही ठिकाणी आयांनीच नंतर स्वतःसाठी चालण्याचा गट मागितला. तो जरूर चालवा, कारण मुलीच्या वेळेची राखण मग घरातूनच होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे कोच. स्थानिक बाई हवी आणि तिला पगार हवा. मानधनाच्या नावाखाली चिरीमिरी नव्हे. खेळाचं कौशल्य मध्यम असलं तरी चालेल, ते शिकवता येतं. मुलींशी बोलण्याची पद्धत शिकवणं त्याहून अवघड. अशी बाई मिळत नसेल तर मोठ्या मुलींमधून दोघी-तिघींना तयार करा आणि तोवर कार्यक्रम लहान ठेवा.

आणि धोका फक्त बाहेरून येतो असं मानू नका. अफगाणिस्तानच्या राष्ट्रीय महिला फुटबॉल संघातल्या खेळाडूंनी २०१८ मध्ये स्वतःच्याच महासंघातल्या लैंगिक अत्याचारांबद्दल तोंड उघडलं. जून २०१९ मध्ये फिफाने महासंघाचे अध्यक्ष केरामुद्दीन करीम यांच्यावर आजन्म बंदी घातली आणि दहा लाख स्विस फ्रँकचा दंड केला. ज्या मुली साऱ्या जगात देशातल्या बदलाचं प्रतीक म्हणून दाखवल्या जात होत्या, त्यांच्यावरच हे बेतलं होतं. संघातली जागा, प्रवास, पासपोर्ट, भत्ता हे सगळं एकाच माणसाच्या मुठीत असलं की असंच होतं. तुमची संस्था लहान आहे म्हणून हे लागू नाही असं नाही. मुलीबरोबर कोणी मोठं माणूस एकटं असणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. तक्रार करायची तर कोचच्या आणि तुमच्याही साखळीबाहेरच्या एका बाईकडे करता आली पाहिजे. तिचा चेहरा आणि नंबर मुलींना माहीत हवा. आणि संघातून वगळण्याचा निर्णय एकटीने कोणी घ्यायचा नाही.

सरावाबद्दल थोडं तपशीलात लिहितो, कारण इथे पुस्तकी सल्ले फार फिरतात. शिट्टी टाळा. हात वर करून थांबायची खूण ठरवा, ती सगळ्याच उचलतात. दार बंद करायचं असेल तर मुलींसमोर करा आणि किल्ली आत कुठे आहे ते दाखवा. मागून जाऊन कोणाच्या खांद्याला हात लावून पवित्रा दुरुस्त करू नका. समोर उभं राहून स्वतः करून दाखवा. सुरुवात आणि शेवट रोज तोच ठेवा. बाहेर कधी काय होईल याचा नेम नसतो, तेव्हा आत पुढे काय येणार हे माहीत असण्याचा आधार वाटतो. एखादी खेळता खेळता बाजूला जाऊन बसली तर बसू द्या. तिच्याजवळ पाणी ठेवा आणि परत यायचं तेव्हा ती येईल असं वागा. सगळ्यांसमोर ‘काय झालं?’ विचारू नका. आणि कोचला समुपदेशक बनवायच्या फंदात पडू नका. आपत्तीतल्या मानसिक आधारासाठी अनेक मदतसंस्थांनी मिळून २००७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मदतीचे चार थर सांगितले आहेत. खेळ त्यात कुटुंब आणि समाजाच्या आधाराच्या थरात बसतो. झोप उडालेली, जेवण सुटलेली, स्वतःला इजा करणारी मुलगी त्याच्या वरच्या थरात, म्हणजे प्रशिक्षित माणसाकडे, जायला हवी. त्यासाठी कोणाकडे पाठवायचं, ते नाव कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी हातात पाहिजे.

निर्णय मुलींच्या हातात देण्याची उत्तम पद्धत मला कोलंबियातून आलेल्या खेळात दिसली. १९९४ मध्ये विश्वचषकात चुकून स्वतःच्याच संघावर केलेल्या गोलनंतर आंद्रेस एस्कोबार या खेळाडूचा मेदेयिनमध्ये खून झाला. त्यानंतरच्या वर्षांत त्या शहराच्या वस्त्यांमध्ये शांततेसाठी फुटबॉल सुरू झाला आणि पुढे ती पद्धत अनेक देशांत पसरली. त्यात पंच नसतो. सामन्याआधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग खेळतात, मग पुन्हा बसून एकमेकांना वागणुकीचे गुण देतात. मूळ प्रकारात मुलं-मुली एकत्र असत आणि पहिला गोल मुलीनेच करायचा असा नियम होता. वाचायला छान वाटतो. प्रत्यक्षात मुलं काय करतात? एका मुलीला गोलपोस्टपाशी उभी करतात, चेंडू तिच्या पायाशी आणून देतात, ती तो ढकलते, आणि उरलेला वेळ तिच्याकडे कोणी बघत नाही. म्हणून या पद्धतीचा जीव मला शेवटच्या बैठकीत वाटतो. तिथे एखादी मुलगी उठून म्हणते, ‘पहिल्या गोलनंतर मला एकही पास दिला नाहीत, तुमचे गुण कापा,’ आणि गुण खरंच कापले जातात. घरात, शाळेत, चौकीवर तिच्या म्हणण्याने काही कापलं जात नाही. तुमच्या गटात मुलीच असल्या तरी ही पद्धत वापरा. वाद कसा मिटवायचा, हे तिथेही शिकायचं असतंच.

भांडणाऱ्या दोन समाजांच्या मुलींना एकत्र खेळवायचं असेल तर एक दिवसाचा स्नेहमेळावा करू नका. टिळे लागतात, फुगे सुटतात आणि संध्याकाळी प्रत्येकीला आपल्या वस्तीत उत्तरं द्यावी लागतात. आधी आपापल्या गटात महिनोन्‌महिने बळ येऊ द्या. मग मिश्र संघ करा, म्हणजे एका संघात दोन्हीकडच्या. समाज विरुद्ध समाज असा सामना कधीही लावू नका.

फोटोंबद्दल मी कडवट बोलतो, असं सहकारी म्हणतात. म्हणोत. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये शिरलं तेव्हा अफगाण महिला फुटबॉल संघाच्या माजी कर्णधार खालिदा पोपल यांना परदेशातून मुलींना सांगावं लागलं की सोशल मीडियावरून फोटो काढून टाका, संघाचा गणवेश जाळा. त्याआधी त्याच मुलींना त्यांनी समोर या, दिसा, बोला असं सांगितलं होतं. पुढे त्यांतल्या अनेक जणींना ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल आणि ब्रिटनमध्ये हलवण्यात आलं. अनेक जणी मागे राहिल्या. तुमच्या गावातल्या मुलींसाठी विमान येणार नाही. तेव्हा चेहरा, गावाचं नाव, शाळेचं बोधचिन्ह, सरावाची वेळ यातलं काहीही बाहेर जाऊ नये. निधी देणाऱ्याला पाय, चेंडू, पाठमोरी रांग दाखवा, नाहीतर मुलींनी काढलेली चित्रं द्या. ‘मुलींनी संमती दिली आहे’ हे मला पटत नाही. सोळा वर्षांची मुलगी आज दिलेली संमती सत्ता बदलल्यावर परत घेऊ शकत नाही.

पदकाचं स्वप्न दाखवावं का, असं नेहमी विचारलं जातं. दाखवावं, पण जिन्याच्या पायऱ्या आहेत का ते बघून. सोमालियाची सामिया युसूफ ओमर २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावली, तिच्या शर्यतीत शेवटची आली आणि जगाने टाळ्या वाजवल्या. मोगादिशूला परतल्यावर तिच्यासाठी ना सुरक्षित मैदान होतं, ना कोच. दोन्हींच्या शोधात ती देशाबाहेर पडली आणि २०१२ मध्ये युरोपकडे जाताना भूमध्य समुद्रात बुडाली. दुसरीकडे कोसोव्होतल्या पेया शहरात ड्रिटॉन कुका यांनी युद्धानंतर ज्यूदोचा आखाडा लावून धरला. मायलिंदा केलमेंडीने २०१६ मध्ये रिओत कोसोव्होचं पहिलं ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण, जिंकलं आणि टोकियोत आणखी दोघींनी सुवर्ण आणलं. एकच कोच, एकच जागा, वर्षानुवर्षं. काबूलमधून ऑगस्ट २०२१ मध्ये बाहेर काढलेली झकिया खुदादादी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये तायक्वांदोचं कांस्य जिंकली. निर्वासितांच्या पॅरालिंपिक संघाचं ते पहिलं पदक. या गोष्टी मुलींना जरूर सांगा. सामियाची पण सांगा. त्या लहान नाहीत.

यश मोजायचं कशावरून? हजेरीपट घ्या, पण त्यात गळालेल्यांची नावं आधी वाचा. कोण, कधी आणि कशामुळे गेली? संघर्षात मुलींची लग्नं लवकर उरकली जातात, हे अनेक ठिकाणी दिसलेलं आहे. सलग तीन आठवडे न आलेल्या मुलीच्या घरी कोच गेली तर कधी साखरपुड्याआधी पोचता येतं. बाकी मी साध्या गोष्टी बघतो. साहित्याच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे? वेळापत्रक शेवटचं कोणी बदललं? एखादीने संस्थेला ‘नाही’ म्हटलं आहे का, उदाहरणार्थ पाहुण्यांसमोर खेळून दाखवायला? म्हटलं असेल आणि तुम्ही ऐकलं असेल, तर माझ्या लेखी तो अहवालातला सर्वांत चांगला परिच्छेद.

राहिला सहा महिन्यांचा निधी. खरं सांगायचं तर तो कमी आहे. घरच्यांचा विश्वास बसेपर्यंतच त्यातले तीन जातील. पण परत करू नका. एकच गट घ्या, वीसेक मुलींचा. पैसा दोन कोचांच्या पगारात, ने-आणीत आणि स्वच्छतागृहात घाला, उद्‍घाटन करू नका, आणि जे वाचेल ते सातव्या-आठव्या महिन्यासाठी बाजूला ठेवा. निधी देणाऱ्यांशी आत्ताच बोला की लढाई भडकली तर सराव थांबेल पण पगार थांबणार नाही. कोच त्या काळात फोनवरून मुलींची खुशाली घेत राहील. तेवढ्याने गट पुन्हा उभा राहतो, हे मी पाहिलं आहे. आणि संपायच्या दोन महिने आधी मुलींसोबत बसून तीन गोष्टी लिहून ठेवा: साहित्य कोणाकडे राहणार, जागेची परवानगी कोणाच्या नावावर असणार, आणि परिस्थिती बिघडली तर मुलींच्या नाव-पत्त्यांची वही कोण, कधी नष्ट करणार.